बल्लीचं दुसरं टोक

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलत होतो. शिपायानं ते टेबलावर ठेवलं. अक्षर कमलचं, उकंडरावांच्या मुलीचं. "बाबा सोमवारी सकाळी गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं, पण दिग्रसच्या दवाखान्यात यायला तयार नव्हते. तुमची आठवण काढली. काळजी करू नये." एवढंच. कार्ड यवतमाळ जिल्ह्यातून पुण्याला पोचेपर्यंत पाच दिवस गेले होते, म्हणजे मी पोचून उपयोग होईल असं काही उरलं नव्हतं. मी हात धुतले, पुन्हा वाचलं, पुन्हा हात धुतले. आमच्या विभागातले एक वरिष्ठ मागून आले, कार्डाकडे पाहून म्हणाले, "कोण हो? तो तुमचा यवतमाळचा हमाल होता, तो का?" ते काही वाईट मनानं म्हणाले नाहीत. पण माझं डोकं असं फिरलं, की हातातलं भुशाचं घमेलं मी जमिनीवर आपटलं आणि सगळ्या खोलीभर भुसा उडाला. दोन-तीन आठवडे झाले त्या गोष्टीला. राग अजून गेलेला नाही, आणि तो जायच्या आत हे लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

माणूस गेला की लगेच मनमिळाऊ होतो, शांत स्वभावाचा होतो, सगळ्यांना हवाहवासा वाटायला लागतो. उकंडराव यांतले काहीही नव्हते. ते भांडखोर होते. चहात साखर कमी पडली तर कप परत करत, आणि समोरचा कलेक्टर असला तरी करत. उंच, हाडकुळे, पांढरं धोतर आणि त्यावर खाकी शर्ट, डोक्यावर काही नाही. गावात त्यांना जन्मभर "उकंड्या" म्हणत. आमच्या वऱ्हाडात ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं नव्या बाळाला उकिरड्यावर ठेवून उचलतात आणि त्याचं नाव उकंडा ठेवतात, म्हणजे नियतीला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत आले तेव्हा लोकांनी सुचवलं की आता नाव बदला. ते म्हणाले, "नाव माह्या मायनं ठेवलं. ते नाई बदलत. तुमी हाक मारायची बदला." तेव्हापासून कोणी "उकंड्या" म्हटलं तर ते ऐकूच येत नसल्यासारखे चालत राहायचे. चालता चालता माणूस दमायचा आणि शेवटी "उकंडराव" म्हणायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते धर्मांतरानंतर चार-पाच वर्षांनी, दिग्रसच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या चिंचमाळ गावात. मी दारव्ह्याचा. घरी कापूस आणि तूर, आणि मी इंटर सायन्सला नापास झालेला थोरला मुलगा. पुण्याहून विषाणूंचा अभ्यास करणारी एक तुकडी आली होती आणि तिला इकडची बोली येणारा, चिठ्ठ्या लिहिणारा माणूस हवा होता. मी चिकटलो. तुकडीचे प्रमुख डॉ. लिमये. काम काय होतं ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सोप्या शब्दांत सांगितलं होतं. दक्षिणेकडच्या एका जंगलात काही वर्षांपूर्वी वानरं पटापट मरू लागली, आणि मागोमाग सरपणाला जाणारी माणसं तापानं फणफणून, नाकातोंडातून रक्त येऊन मरू लागली. शोधता शोधता कळलं, की हा ताप गोचीड पसरवते. गोचीड वानराला चावते, उंदराला चावते, मग माणसाला चावते, आणि गवतातले छोटे प्राणी तो आजार गुपचूप सांभाळून ठेवतात. आता चिंचमाळच्या जंगलातही वानरं मरताहेत अशी खबर वनखात्याकडून गेली होती. तो ताप इथवर आला आहे का, हे शोधायचं होतं. त्यासाठी गोचिड्या हव्या, शेतातले उंदीर हवे, आणि मेलेलं जनावर हवं. तेही ताजं, कारण अंग गार व्हायला लागलं की गोचिड्या ते सोडून चालायला लागतात.

पहिल्याच आठवड्यात पाटलांच्या गोठ्यात सहा महिन्यांचा गोऱ्हा मेला. डॉक्टरांना तो तंबूतल्या टेबलावर हवा होता. पाटील म्हणाले, त्यात काय, आणि गड्याला ओरडले, "जा रे, उकंड्याले बलाव." गडी गेला आणि एकटाच परत आला. मग डॉक्टर स्वतः निघाले, मी मागून. गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे, त्यांची वस्ती. प्रत्येक घराची भिंत नव्यानं सारवलेली. उकंडराव ओट्यावर पाटी घेऊन बसले होते. कमल तेव्हा शाळेत जाऊ लागली होती आणि ती जे शिकून येई ते बाप तिच्याकडून शिकत होता. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं... ताप, गोचीड, वानरं. उकंडरावांनी पाटी खाली ठेवली नाही.

"साहेब, तीस वर्सं माह्या दारात निरोप आला. ढोर मेलं, चल. पानी पडून राह्यलं, चल. घरात बारकं पोरगं मरून पडलं होतं, तरी म्हने चल," ते म्हणाले. "मी गेलतो त्या दिवशी बी. आता नाई जात. वस्तीनं हात वर करून शपथ घेतली हाय."

डॉक्टर म्हणाले, "ही वेठ नाही उकंडराव, रोजंदारी आहे. सरकारी."

"रोजी देल्यानं दोर बदलत नाई, साहेब. ओढनारा तोच राह्यते."

मला वाटलं, संपलं. डॉक्टर उठले. तेवढ्यात उकंडरावांनी कोपऱ्यातली एक वेळूची बल्ली उचलली, पोलिसाच्या लाठीपेक्षा दुप्पट लांब, तेल पिऊन काळी पडलेली. ती त्यांनी उभी धरली आणि विचारलं, "गोऱ्हा बल्लीले बांधून नेता येते. पन बल्लीले टोकं दोन असतात. एक मी धरतो. दुसरं कोन धरते, सांगा." ते विचारताना त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पेन्सिल काढून चिठ्ठीवर काहीतरी लिहू लागलो. गोऱ्ह्याचं वय, गावाचं नाव, तारीख. त्या चिठ्ठीवर त्या क्षणी लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी कोट काढला, माझ्या खांद्यावर टाकला, आणि म्हणाले, "चला." पुण्याचा ब्राह्मण डॉक्टर आणि ओढ्यापलीकडचे उकंडराव पाटलाच्या गोठ्यातून मेलेला गोऱ्हा खांद्यावर घेऊन भर बाजारातून चालले, आणि मी मागून कोट सांभाळत चाललो. चिंचमाळला असं काही कोणी पाहिलं नव्हतं. पाटलांची बायको दारात आली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

खरी परीक्षा संध्याकाळी झाली, आणि ती घेतली त्यांच्याच वस्तीनं. पंचशील झेंड्याजवळ सगळे जमले. मला डॉक्टरांनी पाठवलं होतं, म्हणून मी दूर उभा राहून ऐकलं. एका तरुणानं सरळ विचारलं, "उकंडबाबा, शपथ काय झाली तुमची? ढोर उचललं का नाई तुमी?" सगळ्यांचे चेहरे ताठ होते, आणि ते रास्त होतं. त्या शपथेपायी कित्येकांनी पाटलाचं धान्य सोडलं होतं, मार खाल्ला होता. उकंडराव उठले. "मी अर्धं उचललं," ते म्हणाले. "अर्धं पुन्याच्या डॉक्टरनं उचललं. त्याच्या खांद्याले वळ बी पडले, जाऊन पाहा. ज्या दिवशी दुसऱ्या टोकाले कोनी नसन, त्या दिवशी मी बी नसन. आपल्यातला नाई, तिकडचा पायजे. हे मंजूर असन तर करतो, नाई तर उद्यापासून बंद." मग एक म्हातारी हसली आणि म्हणाली, "डाक्टरले हळद लावा कोनी खांद्याले." त्यावर सगळेच हसले, आणि ठराव झाला. उकंडरावांच्या आयुष्यात जपण्यासारखी एकच गोष्ट होती, ती ही. आपण पुन्हा कुणाच्या हुकमानं एकट्यानं मेलेलं जनावर उचलणारा माणूस व्हायचं नाही. ते काम त्यांनी पुढं केलं ते या अटीवर, आणि ही अट त्यांनी एका दिवसापुरतीही सैल केली नाही.

ते आमच्याबरोबर आले आणि आमचं काम सुधारलं. आम्ही पांढरी फ्लॅनेलची चादर काठीला बांधून झुडपांवरून ओढायचो, म्हणजे गोचिड्या कापडाला चिकटतात. आम्ही ती कुठंही ओढत होतो. त्यांनी दोन दिवस पाहिलं, मग म्हणाले, "तिथं काय सापडते? ढोर जिथं बसते तिथं पाहा. वाटेवर तं सगळेच चालतात." पळसाखाली, पाणवठ्याच्या उतारावर, गुरं दुपारी रवंथ करायला बसत तिथं चादर ओढली आणि ती राईचे दाणे उधळल्यासारखी भरली. चिमट्यानं एकेक गोचीड उचलून नळीत टाकायची, तोंडाला सरकीसकट कापसाचा बोळा लावायचा, आणि आत चिठ्ठी. त्यांनी अट घातली, की जनावराच्या चिठ्ठीवर उचलणाऱ्या दोघांची नावं हवीत. डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. उकंडराव आपलं नाव स्वतः पेन्सिलनं लिहीत, मोठ्या अक्षरांत, आणि त्यामुळे चिठ्ठीवर बाकी मजकुराला जागा उरत नसे. मी कुरकुरलो की म्हणत, "तू बारीक लिही ना. तुले तं सवय हाय."

त्या "तुले सवय हाय" मागं एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी पहिल्या महिन्यात एकदाही बल्लीचं दुसरं टोक धरलं नाही. डॉक्टर धरायचे, ड्रायव्हर धरायचा, वनरक्षकही एकदा धरून गेला. माझ्या उजव्या अंगठ्याला मी पट्टी बांधली होती. काटा लागून पिकला आहे, असं सांगितलं होतं. अंगठा ठणठणीत होता; त्याच अंगठ्यात पेन्सिल धरून मी दिवसभर बारीक अक्षरांत चिठ्ठ्या लिहीत होतो. पण दारव्ह्याला आईला कळलं असतं की पोरगा त्या वस्तीतल्या माणसाबरोबर मेलेली जनावरं वाहतो, तर घरात चूल पेटली नसती, आणि माझी तेवढी छाती नव्हती. दर दोन दिवसांनी मी पट्टी बदलायचो, वर आयोडिनचे दोन थेंबही टाकायचो, रंग दिसावा म्हणून. उकंडराव रोज सकाळी चौकशी करत. "अंगठा बरा हाय ना, बाबू?" मी म्हणायचो, अजून ठणकतो. "लय दिवस पिकला बाप्पा. आंबा बी इतका पिकत नाई." एवढं म्हणून ते आपल्या कामाला लागत. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीस वर्षं जखमा आणि मढी पाहिलेला माणूस तो.

माघाच्या सुमाराची गोष्ट. हरभरा घाट्यावर आला होता. पाटलांच्या शेतात आम्ही उंदरांसाठी पिंजरे लावत होतो, आत ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि तेल. बाकी सगळ्या शेतांत पिंजरे भरत, पाटलांच्या शेतात रिकामे. वानरं मात्र तिथंच मरत होती. आणि ती आमच्या हाती लागत नव्हती, कारण आमच्याकडे मेलेल्या वानराची अंत्ययात्रा काढतात. गुलाल, नारळ, डफडं, लाल कापड, आणि मारुतीच्या देवळामागं खड्डा. मारुतीचा अवतार म्हणून त्याला कोणी चिरू देत नाही. अशी तीन वानरं आमच्या डोळ्यांदेखत पुरली गेली. डॉक्टर कळवळायचे. तहसीलदाराचं परवानगीपत्र आमच्याकडे होतं, पण ते पत्र घेऊन मिरवणुकीच्या पुढं उभं राहायची कोणाची तयारी नव्हती.

त्या दिवशी डॉक्टर पहिल्या बसनं बर्फ आणायला यवतमाळला गेले होते. पत्र माझ्या खिशात होतं. उजाडताच पिंजरे पाहायला गेलेल्या उकंडरावांनी पाटलांच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली. मी बल्ली घेऊन पळालो. बाभळीखाली एक मादी वानर पडलेली होती, अंग अजून कोमट. कानांच्या मागं गोचिड्या लागलेल्या, पण त्या हलायला लागल्या होत्या. उकंडराव खाली वाकून तिच्या तोंडाचा वास घेत होते. "बाबू, याले लसनाचा वास येऊन राह्यला. वांदर कायले लसून खाते?" मी काही बोलायच्या आत वाटेवरून माणसं आली. पाटलांच्या गड्यानं आधीच पाहिलं होतं. पुढं पाटील, मागं डफडंवाले, गुलालाची परात, आणि पाटलांच्या शेजारी फेटा बांधलेले माझे सख्खे मामा. दिग्रसच्या कापसाच्या जिनात ते दिवाणजी होते आणि पाटलांकडे पाहुणे म्हणून आले होते. मला पाहून ते आनंदानं हसले.

"उकंड्या, हात नोको लावू," पाटील म्हणाले. "देव हाय तो."

उकंडराव ऐकूच न आल्यासारखे वानराचे पाय बांधत राहिले. पाटलांनी तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा दात आवळून "उकंडराव" म्हणाले, तेव्हा ते उठले. "पाटील, गोऱ्हा मेला तवा तुमीच मले बोलावनं धाडलं. आता देव मेला तं हात नोको लावू म्हनता. माह्या हातानं कोनता मुर्दा उचलावा अन् कोनता नाई, हे अजून तुमीच ठरवान काय?" डफडं थांबलं. मी घाईघाईनं खिशातून पत्र काढलं आणि उघडू लागलो. घडी उलगडेना. "कागद नोको दाखवू, बाबू," ते म्हणाले. "टोक धर. गोचिड्या उतरून राह्यल्या. मी एकटा नाई उचलनार. एकट्यानं उचललं तं मी पुन्हा यांचा उकंड्या होतो, अन् नाई उचललं तं हे बी गेलं मातीत." त्यांनी आपलं टोक खांद्यावर घेतलं आणि वाकून उभे राहिले. दुसरं टोक गवतात पडलेलं होतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, वळूनही पाहिलं नाही.

मी पट्टी सोडली. आयोडिनचे डाग पडलेला, अगदी धडधाकट अंगठा सगळ्यांना दिसला असेल. मी वाकलो, टोक खांद्यावर घेतलं, आणि वानर अधांतरी झालं. ते इतकं जड असेल असं मला वाटलं नव्हतं. मामा दोन पावलं पुढं आले, चेहरा पांढराफटक. "भाऊ, तुया मायले काय सांगू मी?" मी म्हणालो, "सांगा, अंगठा बरा झाला." मला माहीत आहे, त्यांना ते काही कळलं नाही. पण पुढं चाललेल्या उकंडरावांचे खांदे हलले, आणि बल्ली हिंदकळली, त्यावरून मला समजलं की ते हसताहेत. गर्दीतून वाट कोणी दिली नाही. आम्ही सरळ चालत गेलो आणि लोक बाजूला झाले, कारण उकंडरावांचा हात लागलेल्या मढ्याला शिवायचं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की विटाळाची भीती उलटी वापरली तर किती रुंद रस्ता मिळतो. उकंडरावांना ते लहानपणापासून माहीत असणार.

दुपारच्या बसनं डॉक्टर आले, पोत्यात बर्फ आणि लाकडाचा भुसा घेऊन. त्यांनी गोचिड्या, रक्त, काळजाचे तुकडे बर्फात ठेवले आणि मग पोट उघडलं. तंबूभर लसणाचा उग्र वास पसरला, आणि आत पिठात मिसळलेली काळी पूड दिसली. उंदरांचं विष. तेवढ्या वेळात उकंडराव पुन्हा धुऱ्यावर जाऊन आले होते. त्यांनी पळसाच्या पानात गुंडाळलेला एक अर्धवट खाल्लेला गोळा टेबलावर ठेवला, ज्वारीचं पीठ आणि गूळ, त्यावर दातांच्या खुणा. तसले आणखी गोळे बाभळीच्या बेचक्यात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेले होते. "साहेब, उंदराले इतके मोठे लाडू कोनी देते काय जी? अन् उंदीर झाडावर जेवाले जाते?" आमचे पिंजरे रिकामे का येत होते, आणि वानरं तिथंच का मरत होती, या दोन्हींचं उत्तर त्या पानात होतं; खाली सांडलेलं खाऊन उंदीरही संपले होते. हरभरा वाचवायला विष घालायचं, आणि मग गुलाल उधळून रडायचं. पाटील अखेरपर्यंत म्हणाले की ते उंदरांसाठीच होतं. म्हणोत.

संध्याकाळी उरलेलं शरीर शिवून, लाल कापडात गुंडाळून आम्हीच देवळामागं नेऊन दिलं, त्याच बल्लीवर, आम्ही दोघंच. खड्डा तयार होता, लोक जमलेले होते. उकंडरावांनी ते खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "घ्या तुमचा देव. पोटातलं तेवढं आमी काढून घेतलं." पाटील गुलालाच्या परातीकडे पाहत राहिले.

नमुने पुण्याला गेले, पाठोपाठ इतर गावांतल्या गोचिड्या, उंदीर, माणसांची रक्तं गेली. कित्येक महिन्यांनी कळलं, की आम्ही जिथवर शोधलं तिथवर तो ताप नाही. माझं तोंड उतरलं. एवढं करून "नाही"? डॉक्टर म्हणाले, "अहो, 'नाही' हेसुद्धा शोधावं लागतं." उकंडरावांना ते माझ्याआधी पटलं होतं. वस्तीतल्या बाया सरपणाला जंगलात जाताना आता भिणार नव्हत्या, आणि हे त्या कोणाच्या सांगण्यावरून मानणार नव्हत्या, तर आपल्यातल्या माणसानं वाहिलेल्या नमुन्यांवरून मानणार होत्या. किंमतही पडली. त्या हंगामात पाटलांच्या शेतात वस्तीतल्या कोणाला काम मिळालं नाही, बायांना कापूस वेचायला दोन कोस चालावं लागलं, आणि काहींनी उकंडरावांना शिव्याही घातल्या. ते म्हणाले, घाला, आणि सगळ्यांत लांबच्या शेतावर स्वतः वेचायला गेले. घरी माझ्या आईनं मला तीन महिने वेगळ्या ताटात जेवायला वाढलं. मी ते ताट कधी बदलून मागितलं नाही.

पुढं दोन हिवाळे ते आमच्याबरोबर पांढरकवड्याच्या जंगलात फिरले. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, रक्ताचे नमुने मागायला आधी तेच जात आणि स्वतःचा दंड पुढं करून सुई टोचून दाखवत. काम संपलं तेव्हा डॉक्टरांनी मला पुण्याच्या प्रयोगशाळेत लावून घेतलं, आणि उकंडरावांना तिथून छापील प्रमाणपत्र आलं. कमलनं ते वाचून दाखवलं, "प्रामाणिक व मेहनती हमाल." त्यांनी ते त्याच पाकिटात घालून परत पाठवलं, मागं पेन्सिलनं मोठ्या अक्षरांत लिहून, "मी अर्धं उचललं. पूर्ण नाही. दुरुस्त करणे." कचेरीत त्यावर बरंच हसू झालं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातानं नवं पत्र लिहिलं, "सहकारी" हा शब्द घालून. ते पत्र कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण त्या "हमाल" शब्दाशी माझं भांडण किती जुनं आहे, हे आमच्या वरिष्ठांना आता समजलं असेल.

शेवटची भेट गेल्या दिवाळीत झाली. थकले होते, पण चहा परत केलाच. कमल शिक्षिका झाल्याचं त्यांनी तीनदा सांगितलं. निघताना मला म्हणाले, "आता तू मोठा साहेब झाला. तुया हाताखालचा कोनी अंगठा बांधून फिरते का?" मी म्हणालो, फिरतात की. "मंग त्याले रोज इचारत जा. रोज इचारलं का बरा होते."

परवा रजा काढून चिंचमाळला गेलो. घराला चुना द्यायचं चाललं होतं, सामान अंगणात काढलेलं. समोरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली, दोन खुंट्यांवर, ती बल्ली आडवी टांगलेली होती. तिच्या एका टोकाला डॉक्टरांच्या जुन्या पंच्याची पट्टी, खांद्याला वळ पडू नयेत म्हणून तेव्हा गुंडाळलेली, अजून तशीच. तसबिरीच्या मागं डॉक्टरांचं पत्र होतं, कमलनं काढून दाखवलं. ती म्हणाली, "लोक म्हणत होते, बल्ली तिरडीला घेऊ. मी नाही म्हटलं. जळून गेली असती." मी विचारलं, बाबांना उचलायला कोण कोण होतं? तिनं वहीत लिहून ठेवलेली चार नावं वाचली, पेन्सिलनं लिहिलेली. पहिलं तिचं स्वतःचं. बाकी तिघं वस्तीतलेच. "गावातला एकही आला नाही, दादा. त्यांना ते आवडलं नसतं... एक टोक तिकडच्या कोणी धरायला पाहिजे होतं." मी मान खाली घातली. पाच दिवसांनी पोचलेलं पोस्टकार्ड माझ्या खिशातच होतं. त्यावर मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

चुनावाला दारात येऊन उभा राहिला, भिंत मोकळी करा म्हणाला. मी एकट्यानंच बल्ली काढायला हात वर केला, तशी कमल ओरडली, "थांबा. बाबांनी ती कधी एकट्याला उतरवू दिली नाही." तिनं पुढचं टोक खुंटीवरून सोडवून हातात घेतलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. शाळेत ती शुद्ध बोलते, माझ्याशीही शुद्ध बोलते. पण तेव्हा अगदी त्यांच्यासारखा ओठ दुमडून म्हणाली, "अंगठा बरा हाय ना, बाबू?"

मी दुसरं टोक धरलं.